टॉर्टचा अभ्यास पहिल्या सत्रात कसा करावा? (नाशिक)

नवी_सनद

तीन वर्षांच्या एलएलबीचं पहिलं सत्र, कॉलेज नाशिकचं, पेपर मराठीतून लिहायचा आहे. कॉन्ट्रॅक्टला १८७२ चा कायदा समोर ठेवून कलमागून कलम वाचता येतं. टॉर्टला, म्हणजे भरपाईचा दावा लावता येणाऱ्या दिवाणी अपकृत्यांच्या विषयाला, तसा एक कायदा नाही, सगळे खटलेच. वर्गातली यादी ऐंशीच्या पुढे गेली आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाचनाचा क्रम कोणता ठेवावा? खटले किती आणि कसे लक्षात ठेवावेत? आणि समस्या-प्रश्न कसे सोडवावेत? सरावासाठी मिळालेला एक प्रश्न देते: “‘अ’च्या शेतातलं प्लास्टिक अस्तराचं शेततळं रात्री फुटलं. पाणी ‘ब’च्या द्राक्षबागेत घुसून मंडप आडवा झाला. ‘ब’ला कोणते उपाय आहेत?” यात निष्काळजीपणा लिहायचा, उपद्रव लिहायचा की रायलँड्सचा खटला?

जुना_सीबीएस

शेततळ्याकडे नंतर येऊ, त्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. आधी क्रम.

बहुतेक जण व्याख्यांपासून सुरुवात करतात. विनफिल्डची व्याख्या, सामंडची व्याख्या, दोघांतला वाद. हे शेवटी वाचा. सुरुवात निष्काळजीपणापासून करा, कारण टॉर्टचा सांगाडा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो: कर्तव्य, त्याचा भंग, त्यातून झालेलं नुकसान. मग उपद्रव आणि अपप्रवेश. नंतर कठोर आणि निरपेक्ष दायित्व, म्हणजे दोष नसतानाही येणारी जबाबदारी. त्यानंतर दुसऱ्याच्या कृत्याबद्दलचं दायित्व, म्हणजे मालक-नोकर आणि सरकार. बचाव, नुकसानभरपाई, बदनामी हे त्याच्या पुढे. व्याख्या आणि टॉर्ट विरुद्ध करारभंग विरुद्ध गुन्हा हा तक्ता अगदी शेवटी घेतला तर तो पाठ करावा लागत नाही, आपोआप भरता येतो.

मात्र दोन लॅटिन सूत्रं पहिल्याच आठवड्यात पक्की करा. इंज्युरिया साइने डॅम्नो म्हणजे हक्काचा भंग झाला, पैशाचं नुकसान झालं नाही, तरी दावा चालतो. ॲशबी विरुद्ध व्हाइट, १७०३: मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, तरी मतदाराला भरपाई. भारतातलं उदाहरण भीमसिंग विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य, १९८५: आमदाराला अटक करून विधानसभेच्या अधिवेशनापासून दूर ठेवलं, सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये द्यायला लावले.

डॅम्नम साइने इंज्युरिया याच्या उलट. नुकसान खरं, पण हक्क मोडलेला नाही. ग्लॉस्टर ग्रामर स्कूलचा खटला, १४१०: एका शिक्षकाने शेजारी दुसरी शाळा काढली, जुन्या शाळेला तिमाहीची फी ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आणावी लागली. दावा फेटाळला. कॉलेज रोडवर एका क्लासशेजारी दुसरा क्लास निघून फी पडली तर उत्तर तेच. याला जोडून ब्रॅडफर्ड विरुद्ध पिकल्स, १८९५ वाचा. पिकल्सने शहराचा पाणीपुरवठा अडावा याच हेतूने स्वतःच्या जमिनीत खोदकाम केलं. हेतू वाईट होता, पण कृत्य त्याच्या हक्कातलं होतं, म्हणून तो जबाबदार ठरला नाही. समस्या-प्रश्नात “द्वेषाने” हा शब्द दिसला की विद्यार्थी लगेच प्रतिवादीला जबाबदार धरतात. आधी हक्क मोडला का ते पाहा. हेतूला महत्त्व द्वेषमूलक फिर्यादीसारख्या मोजक्या टॉर्टमध्येच येतं.

सावाना_वाचक

ऐंशी खटल्यांची गरज नाही. प्रत्येक विषयाला एक इंग्लिश आणि एक किंवा दोन भारतीय असे धरले तर तीस-पस्तीसमध्ये अभ्यासक्रम संपतो. पण ते तीस नीट हवेत.

प्रत्येक खटल्याला अर्धं पान द्या. घटना तीन ओळींत. न्यायालयापुढचा नेमका प्रश्न एका ओळीत. निर्णय एका ओळीत. कारण दोन-तीन ओळींत. शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची: हा खटला कोणत्या घटनेला लागू होणार *नाही*. ही ओळ गाइडमध्ये नसते, ती तुम्हालाच लिहावी लागते.

डोनॉग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२ घ्या. पेस्लीच्या एका कॅफेत मैत्रिणीने जिंजर बिअर विकत घेतली आणि ती डोनॉग्यूबाईंनी प्यायली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. उरलेलं ओतताना गोगलगायीचे अवशेष निघाले, असं बाईंचं म्हणणं. इथे दोन तपशील गुण मिळवून देतात किंवा घालवतात. पहिला, पैसे मैत्रिणीने दिले होते. म्हणून बाईंचा कोणाशीच करार नव्हता, आणि म्हणूनच टॉर्टचा प्रश्न उभा राहिला. दुसरा, बाटली अपारदर्शक आणि बंद होती. उत्पादकाच्या हातून ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत मध्ये कोणी तपासण्याची शक्यता नव्हती. “बाटलीत गोगलगाय होती हे सिद्ध झालं” असं कधी लिहू नका. निर्णय फक्त कायद्याच्या मुद्द्यावर झाला, पुराव्यापर्यंत खटला गेलाच नाही. निकाल तीन विरुद्ध दोन असा होता.

शेवटची ओळ: पारदर्शक डबा असेल आणि दोष उघड दिसत असेल, किंवा मध्ये कोणी माल उघडून तपासणं अपेक्षित असेल, तर हा खटला जसाच्या तसा लागू होत नाही.

मूळ निकाल वाचायला पैसे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत आहेत, इंडियन कानून या संकेतस्थळावरही मिळतात. बऱ्याच निकालांचं मराठी भाषांतर न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. ते समजण्यासाठी वाचा, अधिकृत मात्र इंग्रजी प्रतच.

द्राक्षवेल

समस्या-प्रश्न सोडवायची पद्धत एका उदाहरणावर मांडतो. निफाडकडे उसाला लागून द्राक्षबाग हे रोजचं दृश्य, म्हणून तेच घेऊ.

“‘क’ने उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी फवारलं. वाऱ्याने तुषार ‘ड’च्या द्राक्षबागेवर गेले. पानं पंख्यासारखी आखडली, घड गळाले.”

पहिलं काम: पक्ष कोण आणि कोणाला काय हवं. ‘ड’ला भरपाई हवी आहे आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून मनाईही हवी आहे.

कर्तव्य: आपल्या कृत्याने ज्याला झळ बसेल हे वाजवीपणे दिसतं, तो कायद्याने शेजारी. इथे तो अक्षरशः बांधाला बांध लागून आहे, त्यामुळे दोन ओळी पुरेत. विद्यार्थी इथेच पानभर लॉर्ड ॲटकिन (डोनॉग्यूमधले न्यायाधीश, हा शेजारी-नियम त्यांचाच) लिहून वेळ घालवतात. ज्या मुद्द्यावर वाद नाही, त्याला कमी जागा.

भंग: खरी लढाई इथे. सावध शेतकऱ्याने काय केलं असतं? वारा बागेच्या दिशेने असताना फवारणी थांबवली असती. बारीक धुकं करणाऱ्या नोझलऐवजी मोठे थेंब टाकणारं नोझल वापरलं असतं. इस्टर प्रकारचं टू-फोर-डी उडून जातं, अमाइन मीठ त्या मानाने कमी उडतं, म्हणून बागेशेजारी इस्टर टाळलं असतं. बांधालगत पट्टा सोडला असता. द्राक्ष या तणनाशकाला फार नाजूक आहे हे या भागात सर्वांना ठाऊक असतं, त्यामुळे “मला कल्पना नव्हती” हे चालत नाही. प्रश्नात यातलं जे दिलं असेल तेवढंच वापरा. वाऱ्याची दिशा दिलेली नसेल तर “वारा बागेकडे होता असे सिद्ध झाल्यास” असं लिहा. घटना स्वतः तयार करायच्या नाहीत.

कार्यकारणभाव: घड दुसऱ्या कारणानेही गळतात. म्हणून पानांची लक्षणं, फवारणीची तारीख आणि कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा हे जुळलं पाहिजे.

नुकसान दूरचं तर नाही ना: वॅगन माउंड, १९६१. नुकसानीचा *प्रकार* आधी दिसण्यासारखा होता का, एवढंच बघायचं. रक्कम किती होईल हे आधी दिसायची गरज नाही. री पोलेमिस, १९२१ चा थेट परिणामांचा जुना नियम एका वाक्यात सांगून पुढे जा.

बचाव: ‘क’ म्हणेल की द्राक्षच जास्त नाजूक, त्याचा दोष माझ्यावर का? इथे रॉबिन्सन विरुद्ध किल्व्हर्ट, १८८९ आठवेल. तळघरातल्या उष्णतेने वरच्या मजल्यावरचा नाजूक कागद खराब झाला, दावा फेटाळला. पण तो कागद असाधारण होता. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष असाधारण कसं म्हणणार? या भागातलं नेहमीचं पीक ते. म्हणून हा बचाव टिकणार नाही, आणि का टिकणार नाही हे लिहिलं की उत्तर उठून दिसतं.

आता एक फाटा. फवारणी कोणी केली? ‘क’च्या सालगड्याने केली असेल तर नोकरीच्या कामाच्या ओघात झालेल्या चुकीला मालक जबाबदार. स्वतःचा ट्रॅक्टर आणि ब्लोअर घेऊन एकरी दराने फवारणारा ठेकेदार असेल तर तो स्वतंत्र कंत्राटदार, आणि सर्वसाधारणपणे मालक सुटतो. काम मुळातच धोकादायक असेल तर मात्र सुटत नाही. फरक ठरवताना पगार महिन्याचा की कामाचा एवढंच पाहू नका. कामाची पद्धत कोण ठरवतं, साधनं कोणाची, कामावरून काढायचा अधिकार कोणाला, हे सगळं एकत्र पाहायचं.

पंचवटीकर

छान मांडणी. शेततळ्याच्या प्रश्नाला तर सरळ रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ लागू होतो ना? पाण्याचा साठा केला, तो निसटला, शेजाऱ्याचं नुकसान झालं. मूळ खटल्यातही गिरणीसाठी बांधलेलं तळंच होतं.

जुना_सीबीएस

अडचण म्हणालो होतो ती हीच. घटना जुळतात म्हणून रायलँड्स लिहून थांबलात तर भारतीय कायदा राहून जातो.

मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटनगरमचे जमीनदार, १८७४, प्रिव्ही काउन्सिल (तेव्हाचं सर्वांत वरचं अपील न्यायालय, लंडनमधलं). जमीनदाराच्या सिंचनाच्या तलावांचे बांध फुटले आणि रेल्वेचं नुकसान झालं. कंपनीने रायलँड्सचा आधार घेतला. प्रिव्ही काउन्सिलने नाकारला. या देशात तलाव बांधून पाणी साठवणं ही प्राचीन पद्धत, शेती त्यावर चालते, आणि जमीनदारावर ते तलाव राखण्याची जबाबदारीच होती. म्हणून निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय दायित्व नाही.

रायलँड्सला जमिनीचा अनैसर्गिक वापर लागतो. कोरडवाहू भागात शेतीसाठी पाणी साठवणं अनैसर्गिक कसं, हा प्रश्न परीक्षक मनात धरूनच असा प्रश्न काढतो.

पंचवटीकर

पण तो जमीनदार तलाव मोडू शकत नव्हता, तलाव सार्वजनिक उपयोगाचे होते. इथे ‘अ’ने स्वतःच्या बागेसाठी, स्वतःच्या सोयीने, जमिनीच्या वर बांध चढवून तळं केलं आहे. त्याच्यावर कोणतंही कर्तव्य नव्हतं. मग १८७४ चा निकाल इथे कसा लागू होतो?

जुना_सीबीएस

रास्त आहे, आणि हाच युक्तिवाद ‘ब’च्या बाजूने लिहायचा. दोन्ही बाजू लिहिता आल्या की निम्मं काम झालं.

उत्तराचा क्रम मी असा ठेवीन. आधी निष्काळजीपणा, कारण तो दोन्ही मतांखाली चालतो: सांडवा होता का, बांधाची उंची आणि उतार, अस्तराला छिद्र, क्षमतेपेक्षा जास्त पाणी भरलं का. नीट राखलेलं तळं कोरड्या रात्री आपोआप फुटत नाही, त्यामुळे रेस इप्सा लोक्विटर, म्हणजे घटनाच निष्काळजीपणा सांगते हे तत्त्व, घेता येईल. त्यासाठी दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती, १९६६. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला. बांधकाम ८० वर्षांचं आणि तशा चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं, तरी तपासणी केलेली नव्हती. पालिका जबाबदार. मग रायलँड्स, मग १८७४ चा निकाल, मग तुमचा फरक, आणि शेवटी स्वतःचं मत.

रायलँड्समधल्या तळ्याचं काम स्वतंत्र कंत्राटदाराने केलं होतं आणि खालचे जुने खाणीचे बोगदे त्याने बुजवले नव्हते. मालकाचा दोष नव्हता, तरी तो जबाबदार ठरला. वर द्राक्षवेल यांनी कंत्राटदाराचा जो नियम सांगितला, त्याला हा मोठा अपवाद आहे. दोन विषय असे जोडता आले पाहिजेत.

प्रश्नात पावसाचा उल्लेख नाही. दैवी आपत्तीवर, म्हणजे निकल्स विरुद्ध मार्सलँड, १८७६ वर, अर्धं पान लिहू नका. एक वाक्य पुरे.

नवी_सनद

मग निरपेक्ष दायित्व इथे का नाही? दोन्हींत दोष दाखवावा लागत नाही असंच लिहून घेतलं आहे.

सावाना_वाचक

दोष दोन्हींत लागत नाही, हे बरोबर. पण रायलँड्सला पाच अपवाद आहेत: वादीचीच चूक, वादीची संमती, दैवी आपत्ती, परक्या माणसाचं कृत्य, कायद्याने दिलेला अधिकार. निरपेक्ष दायित्वाला एकही नाही. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार: दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ रोजी ओलियम वायू गळला आणि निकाल २० डिसेंबर १९८६ रोजी आला. नियम धोकादायक किंवा मुळातच घातक उद्योग करणाऱ्यासाठी आहे. वस्तू आवाराबाहेर निसटलीच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे आतले कामगारही दावा करू शकतात. भरपाई उद्योगाच्या आकाराच्या आणि ऐपतीच्या प्रमाणात, म्हणजे मोठ्या उद्योगाला जास्त.

शेततळं हा धोकादायक उद्योग नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची अमोनियाची टाकी गळाली असा प्रश्न आला, तर तिथे एम. सी. मेहता.

भोपाळमध्ये निरपेक्ष दायित्वाने भरपाई मिळाली असं लिहिणारे पुष्कळ. ते चूक आहे. भोपाळचं प्रकरण फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. हा नियम प्रत्यक्ष वापरलेला पाहायचा तर राजस्थानातल्या बिछडीचा, १९९६ चा निकाल वाचा.

पंचवटीकर

वैद्यकीय निष्काळजीपणासाठी महाराष्ट्रातले दोन निकाल पुरतात. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले, १९६९: पाय मोडलेल्या तरुणाला पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं, धक्क्याने मृत्यू. डॉक्टरची तीन कर्तव्यं या निकालात आहेत: केस घ्यायची की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो देताना. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६: औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला. रेस इप्सा लोक्विटर लागलं आणि राज्यही जबाबदार ठरलं. फौजदारी निष्काळजीपणासाठी त्याहून वरची, ढोबळ निष्काळजीपणाची पायरी लागते, त्यासाठी जेकब मॅथ्यू, २००५.

जुना_सीबीएस

खोडवा निकालामुळे सरकारच्या दायित्वाकडे येता येतं. विद्यावती, १९६२: कलेक्टरची जीप दुरुस्तीहून आणताना ड्रायव्हरने माणूस उडवला, राज्य जबाबदार. कस्तुरीलाल, १९६५: मेरठ पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदारच घेऊन पळाला, राज्य सुटलं, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम काम. पुढे नागेंद्र राव, १९९४ ने ही भिंत बरीच खाली आणली. मूलभूत हक्काचा भंग असेल तर निलबती बेहेरा, १९९३. तिथे सार्वभौम कामाचा बचावच चालत नाही, कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये दिले गेले. सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. हे एक वाक्य उत्तरात घातलं की लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष प्रक्रिया माहीत आहे हे दिसतं.

द्राक्षवेल

मोटार अपघाताची भरपाई टॉर्टच्याच पेपरात येते, आणि हिशेब न येणाऱ्यांचे गुण तिथे जातात. एकदा करून दाखवतो.

द्वारका चौकात ट्रकच्या धडकेत ३२ वर्षांचा टेम्पोमालक गेला. कमाई महिना २०,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुलं, आई.

वार्षिक उत्पन्न २,४०,०००. प्रणय सेठी, २०१७ या निकालानुसार स्वयंरोजगार आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के: ३,३६,०००. सरला वर्मा, २००९ या निकालानुसार अवलंबून असणारे चार, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: २,५२,०००. वय ३१ ते ३५ चा गुणक १६: ४०,३२,०००. त्यावर इस्टेटीच्या नुकसानीचे १५,००० आणि अंत्यविधीचे १५,०००. सहवास गमावल्याचे ४०,००० पत्नीला, तसेच प्रत्येक मुलाला आणि आईला. म्हणजे आणखी १,९०,०००. एकूण ४२,२२,०००.

शेवटच्या तीन रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात हे प्रणय सेठीतच आहे. दोनदा वाढ धरली तर १५,००० चे १८,१५० आणि ४०,००० चे ४८,४०० होतात, आणि एकूण ४२,६१,९००.

चुका ठरलेल्या आहेत. कायम नोकरी असेल तर ४० च्या आत ५० टक्के वाढ, स्वयंरोजगार असेल तर ४०, यात गल्लत होते. अविवाहिताच्या बाबतीत वजावट निम्मी असते. गुणक मृताच्या वयावर धरायचा, आईच्या वयावर नाही. आणि आधी वाढ मिळवायची, मग वजावट करायची. गुणाकाराने उत्तर तेच येतं, पण पायऱ्यांचा क्रम निकालात असतो तसाच ठेवा.

सावाना_वाचक

याला जोडून दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, अर्जदाराच्या राहण्या-कामाच्या किंवा प्रतिवादीच्या राहण्याच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कलमात आहे. दोष न दाखवता मिळणारी रक्कम कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. जुन्या गाइडमध्ये कलम १४० चे ५०,००० छापलेले असतात, ते खोडा. तसंच बदनामीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, सार्वजनिक उपद्रवासाठी २७०, निष्काळजीपणाने मृत्यूसाठी १०६.

ग्राहक कायदाही १९८६ चा नाही, २०१९ चा लिहा. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत, राज्य आयोगाची त्यापुढे २ कोटींपर्यंत, आणि ती मोजायची दिलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. मुदत दोन वर्षं. तक्रारदार स्वतः राहतो तिथे तक्रार करू शकतो, ही मोठी सोय. सदोष वस्तूंसाठी कलम ८२ ते ८७ डोनॉग्यूच्या उत्तराला जोडा.

नवी_सनद

सगळ्यांचे आभार. या पद्धतीने एक उत्तर लिहिलं आहे, तपासून द्याल का?

प्रश्न: इंदिरानगरमधल्या इमारतीत तळमजल्यावर ‘प’ पंचवीस वर्षं मसाला कांडप चालवतो. वर दोन वर्षांपूर्वी ‘फ’ने दवाखाना थाटला. आवाज, हादरे आणि तिखटाची धूळ यांनी रुग्ण बसू शकत नाहीत.

माझं उत्तर: हा खासगी उपद्रव. जागेच्या वापरात आणि सुखात अवाजवी, सततचा व्यत्यय. तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीला मनाई देणारा राधेश्याम विरुद्ध गुरुप्रसाद, अलाहाबाद, १९७८ हा आधार. ‘प’ म्हणेल, मी आधीपासून इथे आहे आणि वीस वर्षांच्या वर झाल्याने मला हक्क मिळाला. पण स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, १८७९ मध्ये मिठाईवाल्याचा खलबत्ता वीस वर्षांहून जास्त चालू होता, डॉक्टरने नंतर लागून खोली बांधली, तरी मनाई मिळाली. वीस वर्षं उपद्रव सुरू झाल्यापासून मोजायची, धंदा सुरू झाल्यापासून नाहीत. म्हणून दावा टिकतो. उपाय: मनाई हुकूम आणि भरपाई.

जुना_सीबीएस

उत्तर बरोबर आहे. चार भर घाला.

राम राज सिंग विरुद्ध बाबूलाल, अलाहाबाद, १९८२ जोडा. विटा दळणाऱ्या यंत्राची लाल धूळ शेजारच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जात होती. तिथे उपद्रव सार्वजनिक असला तरी डॉक्टरने विशेष नुकसान दाखवलं, म्हणून एकट्याने दावा चालला. तुमच्या प्रश्नात संपूर्ण गल्लीला त्रास असेल तर हा निकाल लागेल. आणि विशेष नुकसान दाखवायचं नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा लावू शकतात.

परिसराचं स्वरूप लिहायचं राहिलं. निवासी भाग आणि अंबडची औद्योगिक वसाहत यांना एकच माप नाही. मात्र ते माप आवाज-धुळीच्या त्रासाला आहे. धुळीने ‘फ’चं उपकरण बिघडलं असेल, म्हणजे मालमत्तेचंच नुकसान असेल, तर परिसर औद्योगिक असल्याचा बचाव चालत नाही.

‘फ’ला निकालापर्यंत थांबायचं नसेल, म्हणून अंतरिम मनाई मागेल. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम १ आणि २. तीन कसोट्या: प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान. न्यायालय कांडप पूर्ण बंद करण्याऐवजी दवाखान्याच्या वेळा सोडून चालवायला सांगू शकतं, हेही लिहा. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात अशा अर्जांवरचे युक्तिवाद कोणालाही मागे बसून ऐकता येतात.

चौथी भर मुदतीची. एकदाच घडलेल्या निष्काळजीपणाला मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ११३ खाली तीन वर्षं, बदनामी, बेकायदा अटकाव आणि द्वेषमूलक फिर्यादीला एक वर्ष. पण कांडप रोज चालतं. त्याच कायद्याच्या कलम २२ नुसार सतत चालणाऱ्या अपकृत्यात मुदत प्रत्येक क्षणी नव्याने सुरू होते, त्यामुळे चौथ्या वर्षी दावा लावला तरी मनाई मागता येईल. भरपाई मात्र मुदतीच्या आतल्या काळाचीच मागायची.